पॉलिश केलेल्या कॅरमच्या सोंगट्या पावसाळ्यात पुन्हा का अडतात?

तक्रार नेहमी एकाच वेळी येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सोंगट्या घासून, काळ्या रंगवून, वर चकचकीत पॉलिश मारून ठेवलेल्या असतात. मे महिन्यात त्या बोर्डावर झकास पळतात. जुलै उजाडला की त्याच सोंगट्या दाबून धरल्यासारख्या थांबायला लागतात, काही डुगडुगतात, काळ्यांचा रंग पांढऱ्यांना लागतो. मग पावडर वाढवली जाते, बोर्डावर बल्ब लावला जातो, तरी फरक पडत नाही. गणपतीत मंडळाच्या किंवा सोसायटीच्या स्पर्धा तोंडावर आल्यावर घाईघाईने पुन्हा पॉलिश होतं आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं पहिल्यापासून सुरू.

दुरुस्तीच्या वेळी सोंगटीला चमक दिली जाते, पण तिची खालची बाजू सपाट आहे का हे कुणी बघत नाही. शिवाय चमकेचा जो थर बसतो तोच दमट हवेत चिकटतो. लाकडी सोंगटीला पॉलिशचा थर लागत नाही. तिला दोन सपाट बाजू, गोल कड आणि लाकडात मुरलेला रंग लागतो. या तीन गोष्टी घरच्या हत्यारांनी नीट साधता येतात.

आधी दोष सोंगटीचा की बोर्डाचा ते ठरवा

सोंगटी अडली तर ती तिथेच उलटी करून पुन्हा ढकला. उलट्या बाजूने नीट पळाली तर दोष पहिल्या बाजूचा. दोन्ही बाजूंनी अडत असेल तर त्याच जागी दुसरी, नव्या सेटमधली सोंगटी सोडा. तीही तिथेच थांबली तर बोर्डाचं लॅकर गेलंय किंवा तिथे पावडरीचा राप बसलाय, आणि सोंगट्या घासून उपयोग नाही. सोंगटी थांबत नाही पण एका बाजूला वळत जाते, तर बोर्ड पाव फेरी फिरवा. वळणंही बोर्डाबरोबर फिरलं तर बोर्डाला बाक आहे. पूर्वीच्याच दिशेला राहिलं तर टेबल समपातळीत नाही, पायाखाली पुठ्ठा घाला.

दोष सोंगटीचा ठरला की तिला काचेवर ठेवा. ५ किंवा ६ मिमी जाडीचा, साधारण फूटभर चौरस काचेचा तुकडा काचवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांतून मिळतो, फक्त कडा घासून घ्या. या कामात काच हेच सगळ्यात महत्त्वाचं साधन आहे, कारण घरातला ओटा, फरशी, टेबल यातलं काहीही इतकं सपाट नसतं. सोंगटी काचेवर ठेवून तिच्या कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी नखाने आळीपाळीने टिचकी मारा. बसलेली सोंगटी गप्प राहते. डुगडुगणारी बारीक ‘टक-टक’ वाजते. आता डोळा काचेच्या पातळीला आणा आणि मागून मोबाइलचा उजेड सोडा. सोंगटीखालून मधोमध उजेड आला तर ती खालून वाटीसारखी खोलगट आहे. ही फार वाईट गोष्ट नाही. मध्य टेकला आहे आणि कडेखालून उजेड येतोय, म्हणजे तिला खाली पोट आलंय. हीच सोंगटी भोवऱ्यासारखी गरगरते आणि सगळा खेळ बिघडवते. फट मोजायची तर टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात ते फीलर गेज घ्या. ते नसेल तर झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद चालतो, त्याची जाडी जवळपास ०.१ मिमी असते. कागद कडेखाली सरकला तर ती सोंगटी दुरुस्तीची.

पावसाळ्यात नेमकं काय होतं

लाकूड हवेतून ओलावा घेतं आणि सोडतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकली की लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून बसतं. ३० टक्के आर्द्रतेत हेच प्रमाण ६ टक्क्यांवर येतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ठणठणीत कोरडी आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणजे सोंगटी दरवर्षी या दोन टोकांच्या मध्ये हेलकावे खाते. लहान चकती असल्यामुळे तिला ओलावा प्यायला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात.

आता सोंगटीच्या तोंडाकडे नीट बघा. एका दिशेने जाणाऱ्या समांतर रेषा दिसतील. या रेषांच्या दिशेने लाकूड जवळजवळ फुगत नाही, आडव्या दिशेने फुगतं. लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला की साडेएकतीस मिमीच्या सोंगटीचा आडवा व्यास ०.३ ते ०.५ मिमीने वाढू शकतो. म्हणजे पावसाळ्यात सोंगटी चक्क लंबगोल असते. व्हर्नियर कॅलिपरने रेषांच्या दिशेने एकदा आणि आडवं एकदा माप घेतलं की फरक हाताला लागतो.

म्हणूनच ऑगस्टमध्ये सोंगटीची कड घासून गोल करू नका. त्या दिवशी ती गोल होईल, पण मार्चमध्ये सुकल्यावर दुसऱ्या बाजूने लंबगोल होईल आणि मग ती कायमची तशीच. कडेचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं.

वजनाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशनच्या नियमांत सोंगटीचं वजन ५ ते ५.५ ग्रॅम, व्यास ३.०२ ते ३.१८ सेंमी आणि जाडी ७ ते ९ मिमी आहे. पाच टक्के ओलावा म्हणजे सोंगटीमागे जवळपास पाव ग्रॅम पाणी. ऑगस्टमध्ये ५.१ ग्रॅम भरलेली सोंगटी एप्रिलमध्ये ४.८५ वर येऊन नियमाबाहेर जाऊ शकते. वजनं घ्यायची तर सगळ्या एकोणीस सोंगट्यांची एकाच दिवशी घ्या, काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, आणि वहीत तारीख लिहा.

आणि बल्ब. बोर्डावर सोंगट्या मांडून ठेवायच्या आणि वर बल्ब पेटता ठेवायचा, ही पद्धत सोंगटीला बाक आणते. वरची बाजू सुकून आक्रसते, खालची बोर्डाला टेकलेली ओलीच राहते, आणि सोंगटी वरून वाटी, खालून पोट अशी होते. एका बाजूला पॉलिशचे तीन हात आणि दुसऱ्या बाजूला एक, तरी हेच होतं. थर कुठलाही असो, दोन्ही बाजूंना सारखा हवा.

जुना थर काढणं आणि सपाट करणं

सोंगट्या पाण्याने धुऊ नका. साबणाच्या पाण्यात तर अजिबात नाही. पांढरट कडक राप बसला असेल तर नखाने किंवा बांबूच्या काडीने खरवडा आणि कोरड्या सुती फडक्याने पुसा. जुनं पॉलिश कुठलं आहे ते बघायला एका सोंगटीच्या कडेला स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. चिकट झालं तर लाखेचं आहे, स्पिरिटनेच निघेल. काहीच झालं नाही तर ते लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) आहे, घासूनच काढावं लागेल. बोळा काळा झाला तर काळा रंग स्पिरिटमध्ये विरघळणारा आहे. ही खूण लक्षात ठेवा, रंगाच्या वेळी कामी येते.

स्टील वूल वापरू नका. त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसात पांढऱ्या सोंगट्यांवर राखाडी-तपकिरी ठिपके उठतात. ते ठिपके नंतर खोल घासल्याशिवाय जात नाहीत.

सपाट करायला ३२० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ताणून चारही कडांना टेप लावा. पेपरखाली डबल टेप नको, तिच्या जाडीमुळे पेपरला उंचवटे येतात. नुसत्या बोटांनी सोंगटी धरून घासली की बोटाचा दाब एका बाजूला पडतो आणि सोंगटी पाचरीसारखी, एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ होते. बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथेच फसतात. त्यासाठी एक साधी चौकट करा. ४ मिमी प्लायचा १० सेंमी चौरस तुकडा घ्या, त्याच्या खालच्या बाजूला सनमायकाचा तुकडा चिकटवा आणि मधोमध ३२ मिमीच्या होल सॉने आरपार भोक पाडा. होल सॉ, व्हर्नियर, फीलर गेज हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. सोंगटी भोकात बसवा. ढिली वाटली तर भोकाच्या आत कागदी टेपचा एखादा फेर द्या. प्लाय पेपरवर टेकलेला राहतो, सोंगटी उभी कलू शकत नाही, आणि एका बोटाने फक्त सोंगटीच्या मध्यावर दाब द्यायचा.

घासण्यापूर्वी सोंगटीच्या बाजूवर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. दहा वेळा आठच्या आकड्यासारखं फिरवा, मग सोंगटी चौकटीत पाव फेरी वळवा, पुन्हा दहा. चार पाव फेऱ्या झाल्या की बाहेर काढून बघा. बाहेरच्या कड्यावरच्या रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की थांबा. मध्यावर रेघा शिल्लक असतील तर राहू द्या. मध्यभाग किंचित खोल असलेली सोंगटी कड्यावर टेकून उत्तम पळते. मधल्या रेघा घालवायच्या नादात कडा झिजवल्या तर सोंगटी पातळही होते आणि हलकीही. पोट आलेल्या बाजूवर उलट दिसेल, रेघा आधी मध्यावरून जातील. तिथे कड्यापर्यंत पोहोचेपर्यंत घासावंच लागतं.

किती घासायचं याचा हिशेब आधी करा. ०.१ मिमी लाकूड निघालं की साधारण ०.०६ ग्रॅम वजन जातं. हिवाळ्यात ५.२ ग्रॅमची सोंगटी असेल तर दोन्ही बाजू मिळून ०.३ मिमीच्या पुढे जाऊ नका. एवढ्यात सपाट होत नसेल तर ती सोंगटी घरच्या खेळाला ठेवा आणि सेटमध्ये दुसरी घाला. प्राधान्य विचाराल तर सपाटपणा पहिला, वजन दुसरं. जाडीतला दोन-तीन दशांश मिमीचा फरक खेळताना कुणाला जाणवत नाही.

३२० नंतर ४०० आणि ६००, प्रत्येकी चार पाव फेऱ्या, कोरडंच. मधून मधून पेपर ब्रशने झटका. धूळ बारीक असते, शिवाय तिच्यात जुना रंग आणि बोरिक पावडर असते. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना लांब ठेवा.

कड

स्ट्रायकरच्या माराने कडेला चपटे डाग आणि बारीक टवके पडतात. नखाला लागणारी कूस असेल तर ४०० च्या पेपरने हाताने काढा, पुरे. खरंच खडबडीत झाली असेल तरच ड्रिल घ्या. सोंगटीला भोक पाडायचं नसतं. २५ मिमीच्या लाकडी चकतीतून एम-६ चा बोल्ट आरपार काढून नटने आवळा, चकतीच्या तोंडावर आणि सोंगटीच्या बाजूवर कागदी टेप लावा आणि दोन्ही टेपांच्या मध्ये फेव्हिक्विकचे दोन थेंब. काम झालं की टेपसकट सोंगटी सुटते, लाकडाला गोंद लागत नाही. ड्रिल व्हाइसमध्ये पक्कं धरा, वेग हजार फेऱ्यांच्या आत, डोळ्यांना चष्मा. फिरत्या सोंगटीच्या कडेजवळ पेन्सिल टेकवा. एकाच बाजूला रेघ उमटली तर सोंगटी मध्यावर बसलेली नाही, काढून पुन्हा लावा. अशीच घासली तर गोल होण्याऐवजी तिरकी होते. पेपर कडेवर वळवून धरा म्हणजे कडेची गोलाई टिकते. धारदार कोपरा राहिला तर तो बोर्डावर रेघोट्या ओढतो.

काळा रंग जो पांढऱ्यांना लागत नाही

घासल्यावर काळ्या सोंगट्यांचं आतलं फिकट लाकूड दिसायला लागतं, कारण रंग बहुधा वरवरचाच असतो. दुकानातला स्पिरिटमध्ये विरघळणारा काळा रंग लगेच लागतो, सुंदर दिसतो, पण वर लाखेचं पॉलिश दिलं की त्यातल्या स्पिरिटनेच तो सुटतो आणि पुढे पांढऱ्या सोंगट्यांवर, बोर्डावर राखाडी पट्टे उठतात. बोळ्याच्या चाचणीत बोळा काळा झाला होता तो याच रंगामुळे.

इथे जुनी हिरडा-हिराकसची रीत उत्तम चालते. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह यांचा लाकडाच्या आतच काळा साका तयार होतो आणि तो ना पाण्यात सुटत, ना स्पिरिटमध्ये. दोन्ही वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात विचारा. २० ग्रॅम हिरड्याची पूड २०० मिली पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, गार करून फडक्यातून गाळा. वेगळ्या प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात ५ ग्रॅम हिराकस २०० मिली पाण्यात विरघळवा. लोखंडी भांडं दोन्हीसाठी नको. हातमोजे घाला.

आधी ओल्या फडक्याने सोंगटी सगळीकडून पुसा आणि वाळू द्या. लाकडाची लव उभी राहील, ती ४०० च्या पेपरने एक हात फिरवून काढा. हे टाळलं तर रंगाच्या पाण्याने तीच लव नंतर उठते आणि सपाट केलेली बाजू पुन्हा खरखरीत होते. मग हिरड्याचा काढा ब्रशने दोन्ही बाजूंना आणि कडेला सारखा लावा, रात्रभर वाळवा. दुसऱ्या दिवशी हिराकसाचं पाणी लावा. पहिल्यांदा जांभळट राखाडी आणि मग काही मिनिटांत सोंगटी काळी होत जाते. तासाभराने वरून पुन्हा हिरड्याचा पातळ हात द्या म्हणजे उरलेलं लोहही बांधलं जातं. शेवटी साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. काळेपणा कमी वाटला तर सगळा क्रम एकदा पुन्हा करा, हिराकस नुसतं दाट करू नका, त्याची पांढुरकी भुकटी वर येते.

जाळीवर, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशा सावलीत पाच दिवस वाळू द्या. उन्हात ठेवल्या की बाक आलाच. आणि हे काम पांढऱ्या सोंगट्यांपासून लांब करा. हिराकसाचा एक थेंब पांढऱ्या सोंगटीवर पडला तर त्याचा राखाडी डाग राहतो. राणीला हा मार्ग नाही. तिला लाकडासाठीचा पाण्यात विरघळणारा लाल रंग लावा आणि शक्यतो तिची बाजू कमीत कमी घासा.

लाख, पण थर म्हणून नाही

१२ ग्रॅम चपडा लाख १०० मिली स्पिरिटमध्ये विरघळवा. बाटली दोन दिवस स्थिर ठेवली की लाखेतलं मेण तळाशी बसतं. वरचं स्वच्छ द्रावण हलकेच ओतून घ्या, गाळ टाकून द्या. तळाचं मेण सोंगटीवर गेलं तर पावडर त्याला चिकटते. गॅसपासून लांब, सुती बोळ्याने प्रत्येक सोंगटीला दोन्ही बाजू आणि कड असा एकच पातळ हात द्या. ढगाळ, ओल्या दिवशी हे करू नका, लाखेवर पांढरट धुकं येतं. दुसऱ्या दिवशी चौकटीत घालून दोन्ही बाजू ६०० च्या पेपरवर प्रत्येकी पाच-सहा फेऱ्या घासा, म्हणजे वरचा थर निघून जाईल आणि लाख फक्त छिद्रांत राहील. बाजू चमकताना दिसली तर अजून घासायचं बाकी आहे. चमक कडेवर राहिली तर चालते. मेणाचं पॉलिश, खोबरेल तेल, सिलिकॉनचा स्प्रे यातलं काहीही वर लावू नका. पहिला तासभर सोंगटी पळते आणि मग पावडरीची लापशी होते.

पावडर बोरिकच, आणि चिमूटभर. अंगाला लावायच्या सुगंधी पावडरीने राप लवकर बसतो, मैदा किंवा स्टार्च ओलावा धरतो. बोरिक तोंडात, डोळ्यांत जाऊ देऊ नका, खेळून झाल्यावर हात धुवा.

ठेवायचं कसं

कापडी पिशवीत सोंगटी हवेइतकीच ओली राहते. घट्ट झाकणाच्या डब्यात २०-२५ ग्रॅम सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. केशरी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास गरम करून पुन्हा वापरता येतात. खेळून झाल्यावर घामट हाताच्या सोंगट्या कोरड्या फडक्याने पुसूनच डब्यात जाव्यात.

पावसाळ्याच्या मध्यात स्पर्धा आहे आणि सोंगट्या आत्ताच अडतायत, तर कड आणि रंग या कामांना हात लावू नका. सिलिका जेलच्या डब्यात चार-पाच दिवस सुकू द्या, मग काचेवर टिचकीची चाचणी घ्या. बऱ्याचशा आपोआप बसलेल्या दिसतील. उरलेल्यांच्या फक्त बाजू ६०० वर हलक्या करा आणि खेळायच्या वेळेपर्यंत डब्यातच ठेवा.

स्ट्रायकरचं काम वेगळं. तो ॲक्रिलिकचा असेल तर ओरखडे ८००, १२०० आणि २००० च्या वॉटर पेपरने पाण्याबरोबर काढा आणि शेवटी ब्रासोने फडक्यावर हाताने चमकवा. ड्रिलवरच्या बफने तो तापून मऊ होतो आणि त्यात लाटा पडतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर ॲक्रिलिकला लावू नका, केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या पुढे वाढत जातात. स्ट्रायकर नियमाने १५ ग्रॅमपर्यंत आणि व्यास ४.१३ सेंमीपर्यंत चालतो. घासताना वजन कमीच होणार, तेव्हा काट्यावर आधी आणि नंतर ठेवून बघा. हाताला सवय वजनाची असते, आणि अर्धा ग्रॅम कमी झालेला स्ट्रायकर कट मारताना नेम चुकवतो.